भेऱ्याच्या सेठींचं पान

लोक काशी-रामेश्वराची प्रवासवर्णनं लिहितात, ज्यांची ऐपत आहे ते विलायतेची लिहितात. मी लिहितो आहे ते नाशिक ते त्र्यंबक या अठरा मैलांचं. हसा खुशाल. तुमच्यातले पुष्कळजण त्र्यंबकच्या कुशावर्तात बुचकळ्या मारून आले असतील. पण ज्या ओसरीवर मी त्या दिवशी थंडीत घाम पुसत बसलो होतो, ती तुम्ही पाहिलेली नाही, आणि तशी वेळ देव तुमच्यावर न आणो.

मी नाशकातल्या एका हायस्कुलात संस्कृत आणि अर्धमागधी शिकवतो. अर्धमागधी घेणारी मुलं चार, त्यातली दोन संस्कृत झेपत नाही म्हणून आलेली. अशा मास्तराला प्राकृतावर बोलणारं कोणी भेटलं की तो वाहवत जातो. लाहोरचे प्रोफेसर इनायत सेठी दोन वर्षं मला पत्रं लिहीत होते. पंजाबी भाषा कुठून आली, तिची सख्खी भावंडं कोण आणि चुलत कोण, हा त्यांचा ध्यास. आमच्या पत्रांत हवापाण्याला आणि तब्येतीला जागाच नसे. त्यांच्याकडून शब्दांची यादी यायची, मी समोर मराठी शब्द भरून परत धाडायचो.

एका पत्रात मात्र त्यांनी निराळंच विचारलं. त्यांचे पणजोबा दयालमल हे झेलम नदीकाठच्या भेरा गावचे हिंदू व्यापारी. शालींच्या व्यापारासाठी दक्षिणेत उतरले असताना बरोबरची आई वाटेत वारली, तिच्या अस्थी त्यांनी गोदावरीत सोडल्या, अशी घरात आठवण होती. पुढे दयालमलांच्या मुलाच्या वेळी घराणं मुसलमान झालं. 'तुमच्याकडच्या उपाध्यांच्या वह्यांत त्यांच्या हातची एखादी ओळ असेल काय?' असं त्यांनी विचारलं होतं. ग्रंथांतली पंजाबी त्यांनी पोटभर वाचली होती. साध्या दुकानदाराने आपल्या बोलीत, कोणासाठी न सजवता लिहिलेली ओळ त्यांना पाहायची होती. 'आणि ती माझ्याच पणजोबांची असली तर' असं लिहून पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं होतं.

माझे सख्खे मामा, दाजीमामा, त्र्यंबकचे तीर्थोपाध्ये. पंजाबकडचे यजमान परंपरेने त्यांच्या घराकडे. ज्यांनी ही रीत पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. क्षेत्राला आलेला यजमान उपाध्यांच्या नामावळीच्या वहीत स्वतःच्या हाताने, स्वतःच्या लिपीत नाव, बापाचं नाव आणि गाव लिहितो. त्याखाली उपाध्ये मोडीत त्याचा खुलासा लिहितात, सोबत कोण होतं आणि यजमानाला कोणी आणलं तेही नोंदतात, आणि पुढच्या पिढ्यांसाठी जागा कोरी सोडतात. शंभर वर्षांनी पणतू आला तरी गाव आणि आडनाव विचारून तेच पान उघडायचं. परक्याला ही वही दाखवत नाहीत. लहानपणी मोडी वाचता येतं या घमेंडीत मी तिला हात लावला, तर मामांनी तो वरच्यावर धरला होता. म्हणाले, "ही वाचायची नसते रे. ज्याची त्याला दाखवायची असते."

म्हणून मी मामांना कार्ड लिहिलं: 'भेऱ्याचे सेठी, लाहोरास प्रोफेसर आहेत, आपले यजमान. नामावळी पाहण्यास येऊ इच्छितात.' पुरं नाव लिहिलं नाही. एकही शब्द खोटा नव्हता, आणि लबाडी होती ती तिथेच. मामांचं उत्तर आलं: 'पान सापडले. अवश्य आणावे. तयारी ठेवतो.'

तयारी कसली, हे मी स्वतःला विचारलं नाही. त्या वर्षांत नाशकात देवळात कोणी जावं आणि कोणी जाऊ नये यावरून वातावरण तापलेलं होतं, क्षेत्रातल्या लोकांचे कान उभे होते. मुसलमान माणसाला नामावळीसमोर बसवलं हे कळलं, तर भाऊबंद मामांना वाळीत टाकतील आणि आईचं माहेर मला कायमचं बंद होईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरीही मी कार्ड पेटीत टाकलं. पंडिताला हौस चढली की अक्कल गहाण पडते.

पांडवलेणी

सेठीसाहेब मार्गशीर्षात आले. उंच, पन्नाशीचे, लांब कोट, डोक्याला पांढरा फेटा. वेषावरून लाहोरचा हिंदू की मुसलमान ते आपल्याकडच्याला कळू नये. मला तेवढंच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पहिल्या दिवशी हुसेनभाईच्या टांग्यातून आम्ही पांडवलेण्यांना गेलो. हुसेनभाई आमच्या आळीचा नेहमीचा टांगेवाला, शाळेत साहेब तपासणीला आले की त्यांना आणणारा. तो खाली घोड्यापाशी थांबला. आम्ही पायऱ्या चढून वर गेलो तेव्हा सेठीसाहेबांना दम लागला होता, पण त्यांनी बसायला नकार दिला. लेण्याच्या भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांवरून ते बोट फिरवू लागले. एका जागी थांबले.

"पुत," त्यांनी वाचलं. "देखिए, पत्थर पर त एक है. मगर बोलनेवाला दो बोलता था. पुत्त. मेरी माँ आज भी मुझे पुत्त कहकर बुलाती है."

"आम्ही पूत म्हणतो," मी म्हटलं.

"हाँ. आप लोगों ने एक त गिरा दिया और बदले में उ को खींच लिया." ते हसले आणि आमची पत्रांतली यादी तोंडी सुरू झाली. ते म्हणाले हत्थ, मी म्हणालो हात. कन्न, कान. नक्क, नाक. सत्त, सात. दुद्ध, दूध. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या तऱ्हेने जोर देऊन लोक बोलत, तो जोर पंजाबीने जपला आणि आम्ही स्वर लांबवून मोकळे झालो. हिशेब त्यांनी असा सांगितला: पश्चिम पंजाबातली लहंदा आणि पूर्वेची पंजाबी या एका घरातल्या, डोंगरातली डोगरी शेजारी सासरी गेलेली, सिंधी मावसबहीण, गुजराथी आणि हिंदी चुलत, आणि मराठी ही लांब दक्षिणेत दिलेली आत्या. आता या सगळ्यांची आजी शौरसेनी प्राकृत म्हणायची, की पैशाची प्राकृताचंही रक्त पंजाबीत आहे, यावर विद्वान अजून भांडताहेत.

"भाषांची नामावळी कोणत्याच उपाध्याकडे नाही," मी म्हटलं.

त्यावर ते गंभीर झाले. "आपके मामूसाहब को सब मालूम है न? मैं कौन हूँ, यह?"

"हाँ हाँ, सब," मी म्हणालो.

इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. 

महिरावणीच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच निघालो. झुंजूमुंजू झालं तसा सेठीसाहेबांनी टांगा थांबवायला सांगितला, ओढ्यावर हातपाय धुतले आणि एका आंब्याखाली शाल अंथरून नमाजाला उभे राहिले. हुसेनभाईने घोड्याचा लगाम माझ्या हातात दिला, स्वतःही जाऊन त्यांच्याशेजारी उभा राहिला. मी घोडा धरून रस्त्याकडे पाहत होतो, त्र्यंबकचं कोणी ओळखीचं येत तर नाही ना म्हणून.

हुसेनभाई आधी परतला. लगाम घेत हळूच म्हणाला, "सर, यांची जात मामास्नी ठाव हाय ना?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय, मी भाईरच थांबनार. पन तुमी त्यांना आत नेनार. दारात कुनी कायबाय बोललं, तर अपमान त्यांचा व्हईल सर, तुमचा नाय. लय लांबून आलाय मानूस."

"तू घोडा सांभाळ," मी खेकसलो. बोलणं खरं असलं की मास्तराला राग जास्त येतो.

महिरावणीला विहिरीवर बाया पाणी भरत होत्या. सेठीसाहेब उतरले आणि त्यांनी ओंजळ पुढे करून म्हटलं, "पाणी."

हिंदुस्थानी बोलणाऱ्या साहेबांसारखं 'पानी' नव्हे. आपला घसघशीत ण. त्यांच्या भाषेतही तो तसाच आहे. डोक्यावर हंडा घेतलेली म्हातारी थबकली. "अगं बया, हा बाबा तं आपल्यावानीच बोलतोय! कुठला म्हणायचा?"

"लाहोरचे आहेत," मी सांगितलं.

"लय लांब असंल. पण पाणी नीट मागतोय." तिने हंडा उतरवला आणि त्यांच्या ओंजळीत धार धरली. ना गाव पुढे विचारलं, ना नाव. सेठीसाहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसत मला दोनदा विचारलं, "सुना आपने? सुना?" मी ऐकलं होतं. पण माझ्या कानात हुसेनभाईचं बोलणं घुमत होतं. पुढच्या वाटेवर, अंजनेरीचा डोंगर डावीकडे आला तेव्हा, मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. आता सांगावं तर काल खोटं बोललो हे कबूल करावं लागणार होतं.

त्र्यंबक

मामांच्या दारात उतरलो आणि वास आला.

उडदाचे वडे तळल्याचा, खिरीचा, आणि त्यात आमसुलाच्या चटणीचा. वडे, खीर आणि आमसुलाची चटणी एकत्र कधी होतात हे मराठी घरात सांगावं लागत नाही. आत श्राद्धाचा स्वयंपाक चालला होता. मामांची 'तयारी' ही होती. इतक्या लांबून यजमान येतो तो नुसतं पान बघायला कशाला येईल? पितरांना पिंड द्यायलाच येणार, असं त्यांनी धरलं होतं. कोणत्याही उपाध्याने हेच धरलं असतं. त्याच घरात वाढलेल्या आईच्या मुलाला एवढं कळू नये!

मामा सोवळं नेसून ओसरीवर उभे होते, सत्तरीतले, बारीक, ताठ. समोर दोन पाट, दर्भ, तीळ, आणि एका चौरंगावर लाल बासनात ती वही. गल्लीपलीकडच्या ओसरीवर दुसऱ्या उपाध्यांचे दोघे-तिघे सुपारी कातरत बसले होते आणि मान वळवून आमच्याकडेच पाहत होते.

"आइए सेठीजी, आइए," मामा यात्रेकरूंशी बोलायच्या हिंदुस्थानीत म्हणाले. "सौ बरस से ये पान आपकी राह देखता है. बैठिए. पहले वही देखेंगे, तीन पीढी के नाम लगते हैं. फिर कुशावर्त पर स्नान, फिर श्राद्ध."

सेठीसाहेब पाटावर बसत होते ते अर्धवटच थांबले. माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "श्राद्ध?"

"नंतर सांगतो," मी इंग्रजीत पुटपुटलो. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या क्षणी त्यांना सगळं समजलं असणार.

मामांनी बासन सोडलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि वही त्यांच्यापुढे फिरवली. वर काना-मात्रा नसलेली तुटक, व्यापारी अक्षरं. खाली मामांच्या आजोबांची वळणदार मोडी, ती मामांनी वाचून दाखवली: 'दयालमल बिन गंडामल सेठी.' "ऊपर का हमारे घर में किसी को नहीं आता," मामा म्हणाले. "शंभर वर्षं झाली, कोणी वाचलेलं नाही."

सेठीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोट कागदाला न टेकवता ओळीवरून नेलं. मग वाचलं:

"दयाल मल्ल, पुत्त गंडा मल्ल दा, भेरे दा. माँ दे फुल्ल लै के आया."

"आईच्या अस्थी घेऊन आलो, असं लिहिलंय," मी मामांना सांगितलं. आपण काल लेण्यात पाहिलेलाच 'पुत्त' हा, असं एरवी मी ओरडलो असतो. पण सेठीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला माझ्या अर्धमागधीची किळस आली.

मामांनी मान डोलावली. श्राद्धाला बोटात घालायचं दर्भाचं पवित्रक त्यांच्यापुढे धरलं. "अब आपके पिताजी का नाम?"

सेठीसाहेबांनी हात पुढे केला नाही. मामा थांबले. पलीकडच्या ओसरीवर अडकित्ता थांबला.

"ईश्वरदास," मी म्हणालो.

होय, मी म्हणालो. तोंडाला आलं ते नाव फेकलं, बुडत्याने काडी धरावी तसं. श्राद्ध उरकेल, ओळ मिळाली आहे, जेवून टांग्यात बसू, असं काहीतरी डोक्यात असावं.

सेठीसाहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. रागाने नव्हे, मुलाला थांबवावं तसा. "नहीं," ते म्हणाले, आणि मामांकडे वळले. "पंडितजी, मेरे वालिद का नाम फज़ल इलाही था. दादा का अब्दुल्ला. अब्दुल्ला इन्हीं दयालमल के बेटे थे. मैं मुसलमान हूँ. मैं समझा था, आपको ख़बर है. यह चीज़ मैं हाथ में नहीं ले सकता. आपके साथ भी बेईमानी होगी, और मेरे अपने ईमान के साथ भी."

आत मामीचा झारा कढईवर आपटल्याचा आवाज झाला, मग तोही बंद झाला.

मामा त्यांच्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होते. "गोविंदा, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"कार्ड लिहिताना?"

"हो मामा."

"मला काय वाटलं असतं याची भीती वाटली म्हणून लपवलंस. आणि यांना काय वाटेल, याची?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "एवढ्या लांबून आलेल्या माणसाला माझ्या दारात खोटा ठरवायला निघालास."

त्यांनी पवित्रक खाली ठेवलं. सेठीसाहेब उठू लागले, तसं मामांनी हाताने थांबवलं. "बैठिए. श्राद्ध होणार नाही. ते तुम्हाला चालायचं नाही आणि मला करता यायचं नाही. तुम्ही गेलात की मी ही ओसरी धुऊन घेणार आहे, तेही तुमच्या तोंडावर सांगतो. मागाहून कोणाकडून कळू नये." मी हे हिंदुस्थानीत सांगायला लागलो. "मी समझ गया," सेठीसाहेब मराठीतला 'मी' घालून म्हणाले. "साफ़ बात है. शुक्रिया."

मामा उठले आणि दाराकडे गेले. पलीकडचे आता उभे राहून पाहत होते. मला वाटलं, मामा कडी लावतात. त्यांनी दाराजवळच्या कोनाड्यातली दौत आणि बोरू घेतला आणि परत आले. दार उघडंच राहिलं.

"वहीचं निराळं आहे," ते खाली बसत म्हणाले. "ही जागा माझ्या आजोबांनी दयालमलच्या वंशाला सोडली. कोणत्या वंशाला, ते त्यांनी लिहिलेलं नाही. मला ती अडवता यायची नाही. लिखिए सेठीजी. अपने हाथ से."

सेठीसाहेबांनी बोरू घेतला. उजवीकडून डावीकडे, फारशी अक्षरांत, पणजोबांच्या ओळीखाली लिहिलं. शाईचा एक डागही पडला नाही. लिहून झाल्यावर मामांनी विचारल्यावरून वाचलं: "इनायत, पुत्त फज़ल इलाही दा, भेरे दा."

मामांनी वही आपल्याकडे ओढली आणि खाली मोडीत खुलासा लिहू लागले. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होते: "इनायत बिन फजल इलाही सेठी, दयालमलाचा पणतू..."

"पंडितजी," सेठीसाहेबांना राहवलं नाही, "यह 'बिन' तो अरबी है. मेरे परदादा के नाम में भी आपके बुज़ुर्ग ने यही लिखा है. और मैंने वह लिखा, जो आपकी गुफाओं में खुदा है."

"असेल," मामा वर न पाहता म्हणाले. "आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच लिहितात."

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगून टाकतो. मामांनी ओसरी खरंच धुतली. तो हिवाळा संपेपर्यंत त्यांना गावात कोणी पंक्तीला बोलावलं नाही, आणि त्यांनीही कोणाला विचारलं नाही. मामीने वडे पळसाच्या पानात बांधून टांग्यात दिले. महिरावणीच्या विहिरीपाशी आम्ही तिघांनी ते खाल्ले, आणि तिथे मी सेठीसाहेबांची माफी मागितली. त्यांनी ती लगेच दिली नाही. लाहोरला पोचल्यावर पत्रातून दिली, शब्दांच्या यादीच्या अखेरीस, एका ओळीत.

पण मला सांगायचा आहे तो ओसरीवरचा शेवटचा प्रसंग. मामांचा बोरू थांबला. पलीकडचे सगळे पाहत होते. "सोबत कोणी नाही," ते स्वतःशी म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले.

"आणणार कोण?"

आजवर एवढं सगळं केलं ते माझं नाव या प्रकरणात येऊ नये म्हणूनच.

"मी," मी म्हणालो. "गोविंद."

"पुरं सांग. अर्धी नावं लिहायची सवय तुला आहे, मला नाही."

मी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. मामांनी ते एकही अक्षर न गाळता लिहिलं, वर बारीक वाळू टाकली, आणि खाली चार बोटं जागा कोरी सोडून वही मिटली.